पाच बहिणी, एक वतन आणि मोशेचं थांबणं

आजचं वाचन : गणना २७:१–११
(वेळ असेल तर सोबत लेवीय २४:१०–२३, गणना ९:१–१४ आणि गणना १५:३२–३६)



गणना हे पुस्तक वाचताना आपण बरेच जण कुठेतरी गळतो. वर्षभरात बायबल वाचून काढायची योजना जानेवारीत जोरात सुरू होते आणि फेब्रुवारीच्या शेवटी या वंशावळींमध्ये अडकून पडते. सव्विसावा अध्याय तर सगळाच शिरगणतीचा. कोणत्या वंशात किती पुरुष, कोणत्या घराण्याला जमिनीचा किती वाटा. आणि ती यादी संपते न संपते तोच सत्ताविसाव्या अध्यायात पाच बहिणी उभ्या राहतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. सलाफहादाच्या मुली.

त्या कुठे उभ्या राहिल्या ते बघा. दर्शनमंडपाच्या दारापाशी. समोर मोशे, एलाजार याजक, सगळे सरदार आणि सगळी मंडळी. म्हणजे आजच्या भाषेत पाळकसाहेब, पंच, वडील मंडळी आणि पूर्ण भरलेलं देऊळ. तिथे त्यांनी सांगितलं की आमचा बाप रानात वारला. कोरहाच्या बंडात तो नव्हता, इतरांसारखाच आपल्या पापाने मेला. त्याला मुलगा नव्हता, एवढ्यावरून त्याचं नाव त्याच्या कुळातून का पुसायचं? आम्हाला आमच्या चुलत्यांबरोबर वतन द्या.

आता मोशेच्या जागी स्वतःला ठेवा. या माणसाने सीनायवरून नियमशास्त्र आणलं होतं. जवळपास चाळीस वर्षं तो लोकांचे खटले ऐकत होता. मुलींना वतन नाही ही सगळ्यांना माहीत असलेली रीत होती. आत्ताच झालेली गणतीही पुरुषांचीच होती. एका वाक्यात उत्तर देता आलं असतं, आणि सगळ्या मंडळीने मान डोलावली असती. शिवाय कनान अजून हातात आलेला नव्हता. न मिळालेल्या जमिनीसाठी आत्तापासून भांडताय, असं एखादा वडील तोंडावर बोललाही असता. आपल्याकडे बोलतातच.

मोशे तसं काही बोलला नाही. पाचव्या वचनात एवढंच आहे की त्याने त्यांचं प्रकरण परमेश्वरापुढे नेलं.

माझं काम सॉफ्टवेअरचं आहे, त्यामुळे एक गोष्ट एकदा दिसली की ती आणखी कुठे कुठे येते हे शोधायची खोड आहे. शोधलं. नियमशास्त्राच्या पुस्तकांत मोशे लोकांपुढे असा थांबलेला चार वेळा सापडतो. एकदा छावणीत भांडणात एकाने परमेश्वराच्या नावाची निंदा केली तेव्हा. त्याला कैदेत ठेवलं आणि परमेश्वर काय सांगतो याची वाट पाहिली. एकदा काही माणसं प्रेताला शिवल्यामुळे अशुद्ध झाली आणि वल्हांडण पाळता येईना, म्हणून तक्रार घेऊन आली तेव्हा. मोशे त्यांना म्हणाला, थांबा, ऐकून येतो. एकदा शब्बाथाला लाकडं गोळा करणारा सापडला तेव्हा. आणि चौथ्यांदा या बहिणी आल्या तेव्हा.

या चार प्रकरणांचे निकाल काय लागले तेही पाहायला हवं, कारण आपण इथे सोयीस्करपणे घसरतो. 'न्याय करू नका' हे मत्तय सातमधलं वचन आजकाल सगळ्यांना पाठ असतं, ज्यांनी बायबल उघडलेलं नाही त्यांनासुद्धा. त्याचा अर्थ आपण असा लावतो की चूक-बरोबर काही बोलूच नका, सोडून द्या. पण मोशेने विचारलं तेव्हा चारपैकी दोन वेळा उत्तर अतिशय कडक आलं. निंदा करणारा आणि शब्बाथ मोडणारा, दोघांनाही मरणाची शिक्षा झाली. हे वाचायला आजही जड जातं आणि मी ते हलकं करून सांगणार नाही. उरलेल्या दोन वेळा उत्तर उलट्या दिशेने आलं. अशुद्ध झालेल्यांना महिन्याभराने दुसरा वल्हांडण मिळाला. आणि बहिणींच्या बाबतीत देव म्हणाला की त्या बरोबर बोलत आहेत.

म्हणजे देवाला विचारणं हे सौम्य व्हायचं दुसरं नाव नाही. मनात आधीच ठरवलेल्या माफीवर देवाची सही घेणं नाही, आणि ठरवलेल्या शिक्षेवरही नाही. उत्तर कुठल्या बाजूने येईल हे मोशेला माहीत नव्हतं, म्हणून तर तो गेला.

यात आणखी एक गंमत आहे. निर्गम १८ मध्ये मोशेच्या सासऱ्याने त्याला कामाची वाटणी शिकवली होती. दहावर एक नायक, पन्नासवर एक, शंभरावर, हजारावर. लहान खटले खालीच मिटवायचे, अवघड तेवढे मोशेकडे. आमच्या कंपनीत याला एस्कलेशन मॅट्रिक्स म्हणतात आणि ती करून देणारा सल्लागार भरपूर पैसे घेतो. तर या रचनेत मोशे सगळ्यात वरचा. त्याच्याकडे आलेलं प्रकरण आणखी वर जायला जागाच नाही, असं कुणालाही वाटेल. त्याला ती जागा दिसली. आपली अडचण बहुतेक वेळा इथेच असते. दुसऱ्याबद्दल मत बनवायची वेळ आली की आपल्याला आपल्यावर कुणी दिसत नाही.

आता हे सगळं आज मी का लिहितोय ते सांगतो.

वतन हा शब्द आपल्याला परका नाही. आमच्या तळेगाव ढमढेरेच्या परिसरात, शिक्रापूरपासून रांजणगावपर्यंत, एमआयडीसी आणि नगर रोड यांमुळे जमिनीला जो भाव आलाय तो आमच्या आज्याने स्वप्नातही पाहिला नसेल. आणि भाव आला की घरातल्या बहिणींना फोन जातो. सणाला नाही, तर सहीला. हक्कसोडपत्रावर सही करायला ये, जेवूनच जा, साडी घेऊन ठेवलीय. बऱ्याच जणी सही करतात. माहेर तुटू नये म्हणून करतात.

आमच्या मंडळीतल्या एका ताईने सही केली नाही. (हे मी तिला विचारून लिहितोय. नाव, गाव, गुंठे यांपैकी काहीही सांगणार नाही, आणि कुणी ओळखलं तर कृपा करून कमेंटमध्ये लिहू नका.) वडील मृत्युपत्र न करता गेले. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही, मुलांचा वाटा सारखा. तिने तो मागितला. भावाने नाही म्हटलं. गेल्या वर्षी ती कोर्टात गेली. भाऊ आमच्या मंडळीतला मानाचा माणूस आहे आणि चांगला माणूस आहे, हेही लिहायलाच हवं. ताई गेली अनेक वर्षं संडे स्कूल घेते. आता काही वडील मंडळींचं म्हणणं असं की जी सख्ख्या भावाला कोर्टात खेचते ती लेकरांना काय शिकवणार? ती जगिक झालीय, लोभी झालीय. केस मागे घेईपर्यंत तिला संडे स्कूलमधून थांबवावं. येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटीची सभा आहे. तरुण संघाचा प्रतिनिधी म्हणून यंदा मी त्या कमिटीवर आहे. मला हात वर करायचा आहे किंवा करायचा नाही.

तिच्याविरुद्ध जे वचन पुढे केलं जातं ते १ करिंथ ६. भावाने भावावर फिर्याद करायची, तीही अविश्वासणाऱ्यांपुढे, याबद्दल पौल रागावलेला आहे. वचन खरं आहे आणि मी ते बाजूला सारणार नाही. त्यापेक्षा अन्याय सोसा, असंही पौल तिथेच म्हणतो आणि ते ताईलाही वाचावं लागेल. तिने वाचलंय, माझ्याआधी. पण त्याच उताऱ्यात पौल एक प्रश्न मंडळीला विचारतो. भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? रागाचा मोठा भाग कोर्टात जाणाऱ्यापेक्षा त्याला जावं लागेल अशी स्थिती ठेवणाऱ्यांवर आहे, असं मला वाटतं.

म्हणून मी सभेची जुनी इतिवृत्त वही मागून घेतली. इंजिनियर माणूस, आधी लॉग बघणार. तीन वर्षांपूर्वीच्या एका सभेत नोंद आहे की ताईचा अर्ज आला, घरगुती वाटणीबाबत मंडळीने मध्यस्थी करावी अशी विनंती. पुढे लिहिलंय, 'विषय प्रार्थनेत ठेवण्यात आला. पुढील सभेत घेणे.' पुढच्या सभेची पानं वाचली, त्याच्या पुढचीही वाचली. तो विषय पुन्हा कुठेच नाही.

प्रार्थनेत ठेवू. किती वेळा ऐकतो आपण हे! लग्न जमत नाही, प्रार्थनेत ठेवू. हिशेब लागत नाही, प्रार्थनेत ठेवू. आणि काही वेळा ते खरोखर गुडघ्यावर होतं, मी पाहिलंय. पण काही वेळा या शब्दांचा अर्थ एवढाच असतो की हा कागद आता खालच्या खणात गेला. मोशेने प्रकरण परमेश्वरापुढे नेलं ते लांबवायला नव्हे. त्या निंदकाला कैदेत ठेवलं तेही उत्तर मिळेपर्यंतच. चारही वेळा तो उत्तर घेऊन परत आला आणि लोकांसमोर बोलला. देवाला विचारायचं आणि परत यायचंच नाही, हेही न्याय करण्यासारखंच आहे. फक्त तो न्याय लेखी होत नाही.

आमच्याकडून न्हावऱ्याच्या रस्त्याने गेलं आणि भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. पुढे केडगाव. तुमच्यापैकी अनेक जण तरुण संघाच्या सहलीत तिथल्या मुक्ती मिशनला जाऊन आला असाल. पंडिता रमाबाईंच्या जागेत फिरताना आपण फोटो काढतो, चर्च बघतो आणि त्या संत होत्या असं समजून परत येतो. त्या हयात असताना लोकांना तसं वाटत नव्हतं.

११ मार्च १८८९ ला बाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवण्यासाठी, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. सदनात धर्मप्रसार करायचा नाही असं ठरलेलं. बाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ पर्यंत पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'ने झोडपलं, रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. दिलेला शब्द पाळला जातोय का, हे विचारायचा त्यांना हक्क होता. पण शहराने प्रश्न विचारला नाही, निकाल दिला.

ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोक आवडीने सांगतो, कारण यात निकाल देणारे दुसरे असतात. दुसरी गोष्ट कमी सांगतो. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाईंचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. बाई प्रश्न विचारत. त्रैक्याच्या शिकवणीवर विचारत, चर्चचा अधिकार कुठवर यावर विचारत, मला कुणी सांगितलं म्हणून नाही तर वचनात दिसलं तर मानेन असा त्यांचा सूर. सिस्टर जेराल्डीनना यात गर्व दिसला, आज्ञाभंग दिसला. हा पत्रव्यवहार त्यांनीच जपून ठेवला, तो १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेलाय आणि वाचताना जीव कासावीस होतो, कारण पत्र लिहिणाऱ्या बाईंचं रमाबाईंवर प्रेम आहे. दुष्टपणा कुठेच नाही. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या मुख्याध्यापिका मिस बील यांनी मात्र प्रश्नांना प्रश्नच समजून मोठमोठी उत्तरं लिहिली.

एकाच बाईवर पुण्यात आरोप की ही फारच ख्रिस्ती, आणि वाँटेजमध्ये तक्रार की ही पुरेशी ख्रिस्ती नाही. दोन्हीकडची माणसं शिकलेली, देवाधर्माची, आपापल्या परीने प्रामाणिक. आणि याच बाईंनी पुढे केडगावच्या माळावर दुष्काळातल्या शेकडो मुली आणल्या. ज्यांच्यावर अत्याचार झाले आणि वर समाजाने 'पतित' म्हणून शिक्काही मारला, अशा स्त्रियांसाठी कृपा सदन उघडलं. उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत अख्खं बायबल उतरवलं. आपल्याबद्दल इतके निकाल ऐकून झाल्यावर एखादी बाई दुसऱ्यांचे निकाल लावत बसली असती. यांनी ज्या घराची दारं उघडली त्याचं नावच कृपा ठेवलं.

ताई म्हणजे रमाबाई, असं मी म्हणत नाहीये. ताई चुकीची असू शकते. हेच तर अवघड आहे.

गेल्या तीन रात्री मी तिचं नाव घेऊन आणि तिच्या भावाचंही नाव घेऊन प्रार्थना करतोय. मला आवाज आला नाही. तुमच्यातल्या कित्येकांना येत नाही हे मला माहीत आहे, मेसेज येतात तुमचे. 'देवाचं मार्गदर्शन मागा असं सगळे म्हणतात, पण ते मिळालं हे ओळखायचं कसं?' याचं एका ओळीत उत्तर माझ्याकडे नाही. मला काय मिळालं तेवढं सांगतो. परवा रात्री गणना २७ पुन्हा वाचताना दुसऱ्या वचनावर थांबलो. बहिणी सगळ्यांसमोर उभ्या राहून बोलल्या. पाचवं वचन नंतर येतं. मोशेने आधी त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकलं आणि मग ते देवापुढे नेलं. जे ऐकलंच नाही ते तो नेणार तरी काय होता? आमच्या कमिटीने तीन वर्षांत ताईला एकदाही समोर बसवून ऐकलेलं नाही. तिच्याबद्दल मात्र पुष्कळ ऐकलंय.

सकाळी खराडीला निघायच्या आधी पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, साहेब, रविवारी मत घ्यायच्या आधी ताईंना आणि दादांना दोघांनाही बोलवू या. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, पण मग सभा लांबेल ना." मी म्हटलं, लांबू द्या, साहेब, मी डबा घेऊन येतो. ते हसले, आणि बोलावतो म्हणाले. एका वडिलांचा मात्र दुपारी फोन आला. "तू अजून लहान आहेस. घरातली भांडणं देवळात आणली की देऊळ फुटतं." काकांनी चाळीस वर्षं ही मंडळी सांभाळलीय. त्यांची भीती मला समजते. पण भांडण देवळात तीन वर्षांपूर्वीच आलंय, वहीत नोंद आहे.

मनाची तयारी मी दोन्ही बाजूंनी करतोय. ताईचं ऐकून कदाचित सगळ्यांना वाटेल की ती बरोबर बोलतेय. कदाचित भावाचं ऐकून वाटेल की वडिलांच्या आजारपणात दवाखान्याचा सगळा खर्च त्याने एकट्याने केला, त्याचा हिशेब कुणी धरलाच नाही. सलाफहादाच्या मुलींची गोष्टही सत्ताविसाव्या अध्यायात संपत नाही. छत्तिसाव्या अध्यायात त्यांच्या कुळातले पुरुष येतात आणि आपली अडचण मांडतात, की या दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर वतन आमच्या वंशातून जाईल. आणि देव त्यांच्याबद्दलही म्हणतो की हे बरोबर बोलत आहेत. दोन्ही बाजू बरोबर! हे त्या दारापाशी उभं असलेल्या कुणाला सुचलं असतं?

आज तुमच्यासमोरही कुणीतरी असेल. ग्रुपवर आलेला एखादा स्क्रीनशॉट, देवळात येणं बंद केलेला मित्र, प्रभुभोजन न घेता शांत बसून राहणारी एखादी मुलगी. तिच्याबद्दल कुणाशी काही बोलायच्या आधी तिला भेटा, मग तिचं नाव घेऊन देवापुढे बसा. या क्रमाने.

प्रार्थना करू या.

हे प्रभू, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा यांची नावं तू तुझ्या वचनात लिहून ठेवलीस. रविवारी आमच्यासमोर बसणाऱ्या बहिणीचं आणि भावाचंही नाव तुला ठाऊक आहे. आम्हा पंचांना ऐकायला कान दे. काकांची भीती दूर कर. पाळकसाहेबांना बळ दे. तू हो म्हणशील तर ते बोलायचं धैर्य दे, नाही म्हणशील तर तेही. आणि तीन वर्षांपूर्वी वहीत जी ओळ अर्धी राहिली ती आमच्याकडून पुरी करून घे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : गणना ३६